ढवळूमामाचा भोपळा

…ते ऱ्हाऊ दे आता, खोडत बसू नको. पुढं लिही. कुठं आलो व्हतो आपण? हां, मुखवट्याला बोलता येत नाय, तिथं.

बोहाड्याला सोंगं नाचतात ना, चंद्रा, त्यातल्या माणसाचं आख्खं डोकं मुखवट्यात कोंबलेलं असतं. त्याला श्वास घ्यायची मारामार, तो बोलणार कुठून? म्हणून आमच्या वांगणीची त्राटिका बोलायची पडद्यामागून. तिथं बसायचा माझा मामा, ढवळू. माझ्या आयचा, हौशीचा, धाकटा भाऊ. बायको-पोराला घेऊन आमच्याच शेजारच्या झोपडीत ऱ्हायचा. जव्हारला राजा व्हता तेव्हाची ही गोष्ट. मी लग्नाला आलेली, म्हणजे मला समदं आठवतंय, कुणाचं ऐकलेलं नाय सांगत.

गुरं राखता राखता शिकला तो. पयला मोर, मंग भेकर, मंग डुक्कर. गावानं त्याला पडद्यामागं बसवला आन् त्राटिका अशी बोलाय लागली का बाया पोरं पोटाशी धरायच्या. मधी मधी हसवायला म्हणून तो गावातल्या माणसांचे आवाज काढायचा. माघ्या भगताचं खाकरणं. तुकाचं नाकातलं बोलणं. लोकं पोट धरून हसायची. पण हसणारा माणूस घरी जाताना इचार करतो. म्हणतो, माझा आवाज यानं घेतला. आता तो त्याचं काय करील?

आता एक ध्यानात ठेव, नायतर पुढचं कळायचं नाय. आमच्याकडं रानातून एक हाक आली तर ओ द्यायची नाय. भूत एकदाच हाक मारतं. तीन हाका आल्या तर तो माणूस, मंग खुशाल ओ द्यावी.

त्या साली बोहाडा झाला आन् थोड्याच दिसांनी देवजीची बायको चैती उतारावर गुरं चारत व्हती. पलीकडच्या टेकाडावरून देवजीची हाक आली. “चैते, गुरं खाली वहाळाला घे.” तीनदा आली. तिनं ओ दिली, गुरं खाली घेतली. वहाळात वाघ बसलेला. त्यानं त्यांचा चांगला बैल धरला.

घरी येऊन रडली ती. देवजी म्हणाला, “मी कवा हाक मारली? मी तर घरी निजलेलो.”

“तुझाच आवाज. तीनदा.”

तीनदा म्हणजे भूत नाय. देवजी म्हणतो मी नाय. मंग देवजीच्या आवाजात बोलणारा दुसरा माणूस कोण? गावानं माना वळवल्या त्या आमच्या दाराकडं.

तिथून सुरू झालं बघ. मामा पाणवठ्यावर आला का बाया गप्प. तुका तर त्याच्यासमोर तोंडाला फडका लावून बोलायचा.

मामा म्हणाला, “तुका, दात दुखतोय का?”

“आवाज झाकतोय,” तुका म्हणाला. “उद्या माझी बायको रानात न्यायचास.”

“तुझी बायको माझ्या हाकेला यायची नाय. ती तुझ्याबी येत नाय.”

दुसऱ्या येळी असता तर लोकं हसली असती. तेव्हा कुणी हसलं नाय. नवरा-बायकोनी आपापल्या खुणा ठरवल्या, कुणी दगडावर दगड वाजवायचं, कुणी शीळ घालायचं. हाक मारणंच बंद झालं गावात. मीबी मामा समोरून आला का वाट सोडून चालायची, खोटं कशाला बोलू.

मंग पंच बसले. माघ्या भगत म्हणाला, “ढवळू, उद्या सकाळी त्या टेकाडावर जा. देवजीच्या आवाजात चैतीला हाक मार. तोच आवाज हाये का, ती सांगंल. तोच निघाला तर तुला गाव बंद.”

मामा म्हणाला, “मी हाक मारायचा नाय.”

“बघा,” देवजी म्हणाला. “चोराला चांदणं नको.”

घरी आयनं त्याला धरला. “मारत का नाय हाक?”

त्यानं घोंगडीतून वाळला भोपळा काढला. बूड कापलेला, एका अंगाला तोंड लावायला भोक. त्यात तोंड घालून बोलायचा तो. आयला तेवढं ठाऊक व्हतं, गावाला नाय. गावाला वाटायचं, तो आवाज मामाच्या छातीतूनच येतो.

“अक्का, माझा आवाज मुळातच बारीक, वहाळ ओलांडत नाय. भोपळ्यात बोललं तर जाड व्हतो, पण लांब जात नाय. हे कळलं तर त्राटिका मेली.”

“आन् नाय कळलं तर तू मेलास,” आय म्हणाली.

सकाळी गेला तो टेकाडावर. आम्ही समदी अलीकडं बसलेली. त्याचं तोंड उघडलेलं दिसतंय, आवाज काय येत नाय.

तुका म्हणाला, “हाक मारतोय का जांभया देतोय?”

“मुद्दाम दाबतोय आवाज,” देवजी म्हणाला. पंचांनी माना हलवल्या. म्हणजे हाक मारली तरी संशय, नाय मारली तरी संशय.

तेव्हा आय उठली, घरून भोपळा आणला आन् पंचांच्या मधी ठेवला. मामा परत आला, भोपळा बघून तिथंच उभा ऱ्हायला.  मंग खाली बसला, भोपळा तोंडाला लावला आन् त्राटिका बोलली. भर उन्हात अंगावर काटा आला माझ्या. बोलता बोलता त्यानं भोपळा बाजूला केला. तेच बोलणं चालू, पण कोंबडीच्या पिलासारखं. मागं बसलेल्यांना ऐकूबी गेलं नाय.

चैतीच पयली बोलली. “हा नव्हं. भोपळ्यातला आवाज इथल्या इथंच घुमतो. मला टेकाडावरून आलेली हाक भरल्या छातीची व्हती.”

समद्यांनी देवजीकडं बघितलं. देवजीनं डोक्याचा फडका सोडला, परत बांधला. माझं इचारशील तर त्यानंच मारली हाक, ताडी पिऊन. मंग बैल गेला म्हणून कबूल झाला नाय. पण ते कुणी शाबीत केलं नाय.

मामाला गाव ऱ्हायलं. पण पुढच्या बोहाड्याला त्राटिका नाचाय लागली आन् लोकं तिच्याकडं बघंनात, पडद्याकडं बघाय लागली. एकीनंबी पोर पोटाशी धरलं नाय. मामा मधीच थांबला. मला वाटलं, संपलं. तर तो पडदा सारून बाहेर आला, भोपळा घेऊन समद्यांच्या मधी बसला आन् डुकराचं आन् म्हातारीचं भांडण लावलं. आवाज कुठून येतो ते दिसत व्हतं, तरी पोरं डुकराला शोधत व्हती.

त्या भांडणासाठी मंग त्याला मोखाड्याला न्यायचे, जव्हारला न्यायचे. म्हातारा होस्तवर तेच केलं त्यानं. पण जित्या माणसाचा आवाज परत काढला नाय. तुका मागं लागायचा, “माझा काढ की रे,” तर म्हणायचा, “तू फडका लाव आधी.”

आन् चैती मरेस्तवर देवजीच्या हाकेला ओ देत नव्हती. तीन हाका मारू दे का तीस. समोर येऊन उभा ऱ्हायला का मंगच बोलायची.

भोपळा अजून हाये, चुलीवरच्या माळ्यावर, धुरानं काळा झालेला. जामसरला जाशील तेव्हा मामाच्या नातीला, सोमीला दे. पोरांना गोष्टी सांगते ना ती. तिला सांग, भोक पुसून घे, आन् पडद्यामागं बसू नको.