दोन दोन हौसामावशी

“म्याडम, दारू सोडवायची गोळी द्या ह्यांना.”

हौसामावशींनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना माझ्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत आणलं होतं. बिरूबाबांचे पाय लटपटत होते. मी चकितच झाले. जन्म मेंढरांमागे गेलेला हा माणूस म्हातारपणी माधवनगरला मुलाकडे राहायला आला. फिटची गोळी न्यायला दर महिन्याला स्वतः यायचा. दारूचा वास कधी आला नाही. आजही नव्हता.

“पिलो न्हाई गं पोरी,” बाबा म्हणाले. “पर दोन दिस झालं, मला दोन दोन हौसा दिसत्यात.”

“आवं, एक झेपंना, अन् दोन कशाला बघताय?” मावशी म्हणाल्या, पण डोळे भरून आले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या नवऱ्यावर संशय घेत होत्या.

मी बाबांना स्टुलावर बसवलं. “मावशी, नवीन औषध काही चालू झालंय?”

“खोकल्याचं. तुमीच दिलं की परवा!”

खरंच होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन घेऊन मावशी आल्या होत्या, दुकानात गर्दी होती. क्लॅरिथ्रोमायसिन, म्हणजे छातीच्या इन्फेक्शनचं अँटिबायोटिक. कुणासाठी ते मी विचारलं नाही. बाबांची फिटची गोळी कार्बामाझेपिन. लिव्हर ती रोज थोडी थोडी निकामी करून बाहेर काढतं. हे अँटिबायोटिक लिव्हरचं तेच काम अडवतं. मग गोळी रक्तात साठत जाते. डोस तोच, पण अंगाला जास्त लागतो. चक्कर येते, तोल जातो, एकाचे दोन दिसतात.

“मग ती फिटचीच गोळी फेकून देते,” मावशी म्हणाल्या.

“अजिबात नाही! एकदम बंद केली तर फिट येईल.”

फिटच्या डॉक्टरांना फोन लावला. चूक माझीही आहे, हे आधी सांगितलं. ते म्हणाले, “अँटिबायोटिक थांबवा, बाकी कशाला हात लावू नका. लगेच पाठवा.”

रिक्षा मीच बोलावली. रक्तात गोळीचं प्रमाण वाढलेलंच निघालं. दोन दिवस ॲडमिट ठेवलं, अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्या दिवशी बाबा सरळ चालत घरी गेले.

आठवड्यानं मावशी एकट्याच आल्या. “उगाच बोल लावला बघा त्यांना. काल गूळ-शेंगदाण्याची पोळी करून घातली.”

“मग? रुसवा गेला?”

“व्हय. चार खाल्ल्या.”

माझी चूक चार पोळ्यांत फिटण्यासारखी नव्हती. आता कितीही गर्दी असो, मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते: औषध कुणासाठी, आणि त्यांना आधीपासून काय चालू आहे? लोक वैतागतात. वैतागू देत.