धड गुडघा

आईच्या गुडघ्याला हात लावला की निर्गुडीच्या तेलाचा कडवट वास बोटांना चिकटून राही. साबणाने हात धुतले तरी घास तोंडाशी नेताना तो पुन्हा येई. रोज सकाळी उन्हात बसून ती उजवा गुडघा चोळायची. तो सुजलेला, गरम, आणि उठताना उसाच्या वाळक्या पाचटावर पाय पडावा तसा करकरणारा. डाव्याला तिने कधी तेल लावले नाही. "त्यो धड हाय," म्हणून ती त्यावर थाप मारायची, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, लाडाने.

फौजेतून परतल्यावर वडिलांनी कुंडलहून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत, रानातच, दोन खोल्या बांधल्या होत्या. ते गेल्यानंतरही आई तिथे एकटीच राहिली. मी साताऱ्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे ये म्हटले की ती म्हणे, "तुज्या घरात पायाखाली मातीच न्हाई गं. मी चालायचं कशावर?"

गुडघेबदलाची वाट हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच बंद केली होती. तिचे हृदय शस्त्रक्रियेचा ताण सोसणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. मग सांगलीच्या अस्थितज्ज्ञांनी एमआरआय करून पाहू म्हटले. त्यांच्याकडे संगणकाची एक नवी सोय आली होती. हाडांच्या टोकांवर कूर्चेची जी मऊ गादी असते, तिच्या कडा संगणक चित्रात आपण होऊन आखतो, जागोजागी तिची जाडी मोजतो आणि किती उरली ते रंगांत दाखवतो. इंजेक्शने, पट्टा, व्यायाम यांनी काही साधेल का, ते त्यावरून ठरणार होते. साधले, तर आई आपल्या घरी राहणार होती. नाही साधले, तर माझ्याकडे येणार होती. हे आम्हा दोघींत बोलून झाले होते. त्यामुळे सांगलीच्या एसटीत बोलण्यासारखे काही उरले नव्हते. ती खिडकीतून उसाचे तुरे पाहत राहिली, मी तिचा हात.

आत जाण्यापूर्वी तिने बोरमाळ आणि कानांतल्या कुड्या काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. सोने तिच्या अंगाने ऊबदार झालेले होते. दार बंद झाले, यंत्राचा ठोका सुरू झाला. आधी एकसुरी टकटक, मग पत्र्यावर कुणी खडे ओतत असावे तसा. तो थांबेपर्यंत ओंजळीतली ऊब गेलेली होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. पडद्याकडे आणि हातातल्या कागदाकडे ते आळीपाळीने पाहत होते.

"आजी, हा डावा गुडघा आहे. दुखतो तो उजवा ना?"

"व्हय. मशीनवरल्या त्या पोरीनं इचारलं, मावशी, कुठला गुडघा? म्या डावा सांगितला."

"दुखरा सोडून धड दाखवायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"आवं डाक्टर, पांढरं पडलेल्या रानाची माती कोन तपासाय धाडतंय? ते गेलंय, ठावं हाय की. ज्यातनं अजून पीक यायचंय, त्याचीच माती धाडायची. ह्यो अजून किती साल देतोय, तेवढं सांगा."

डॉक्टर मोठ्याने हसले. मीही हसले. आमच्या नदीकाठाला उसाला पाणी पाजता पाजता जमिनीला मीठ फुटले आहे. कोवळ्या उन्हात ते दह्याच्या कवडीसारखे चमकते, आणि त्या पांढऱ्या जागेत मग कुंद्यासारखे चिवट गवतसुद्धा उगवत नाही. आमचाही नदीकडचा तुकडा तसाच गेला. त्या मातीची परीक्षा करण्यात अर्थ नसतो, हे आई आयुष्यभर धरून चालली होती. गुडघ्याच्या बाबतीत तिने वेगळा विचार का करावा?

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. तोवर त्यांचे हसू मावळले होते.

"निळं दिसतंय तिथं गादी जाड आहे. पिवळं, म्हणजे पातळ. तांबडं, म्हणजे संपत आलेली."

निळ्याची एक कड होती, मोरपिसाच्या काठाएवढी. बाकी सारे तांबडे. आईने चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्याजवळ बोट नेले.

"आन् हितं तर रंगच न्हाई."

"तिथं नुसतं हाड आहे, आजी."

"पर ह्यो दुखत न्हाई. कवाच न्हाई दुखला."

"होतं असं. चित्र एक सांगतं, दुखणं दुसरंच. उजव्याचा सगळा भार इतकी वर्षं यानंच उचलला ना."

संगणक चुकत नाही का, असे मी विचारले. माझा आवाज मला परका वाटला, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीसारखा. "चुकतो," ते म्हणाले, "म्हणून मूळ चित्रं मी स्वतः पाहिली. तो चुकलेला नाही." या गुडघ्याला इंजेक्शनांचा आता उपयोग नव्हता. उजव्याचेही चित्र काढून घेऊ, असे ते म्हणाले तेव्हा आईने कुड्या कानांत घालायला घेतल्या होत्या.

"त्याचं काय बगायचं आता? ज्याच्या जिवावर हुते, त्योच असा."

कुडीची फिरकी तिच्या बोटांना सापडत नव्हती. मी बसवून दिली.

त्यानंतर एक गोष्ट घडली, जिचा उलगडा मला अजून होत नाही. डावा गुडघा दुखू लागला. सांगलीहून परतल्यावर आठवड्याच्या आतच ती विहिरीकडून येताना बांधावर बसली, आणि तिला हाका मारून माणसे बोलवावी लागली. जे दुखणे इतकी वर्षे गप्प होते, त्याला त्या रंगांनी वाचा फोडली, की ते तसेही येणारच होते? मी डॉक्टरांना फोनवर विचारले. योगायोग असेल, म्हणाले. असेल. पण चित्र पाहण्यापूर्वी माझी आई चालत होती.

दारातली म्हैस भावकीतल्या सुनेने नेली. खोल्यांना कुलूप लागले.

साताऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जिन्यात कुणाच्या तरी घरातला लसणीच्या फोडणीचा वास कोंडला होता, कठडा हाताला थंड लागत होता. आई पहिल्या पायरीशी थांबली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेला नियम तिने शाळकरी पाठांतरासारखा म्हणून दाखवला, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा." मग तिने पदर खोचला, कठडा धरला आणि दोन्ही पायांकडे पाहिले.

"कुठला पुढं टाकू गं?"