मोबाईलला न येणारे वीस प्रश्न

यंदाच्या प्रश्नमंजूषेत सतराव्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच आलं नाही. मलाही नाही. त्याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. दर मार्चला सुरक्षा सप्ताह असतो आणि त्यातली प्रश्नमंजूषा काढायचं काम अकरा वर्षं माझ्याकडं आहे. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तरी मी ते दिलं नसतं. तरुणपणी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा आपटलो. प्रश्न सोडवणं जमलं नाही, तर निदान काढायला तरी मिळावेत, एवढीच माझी हौस. प्लांटमध्ये सगळे मला मास्तर म्हणतात, आणि मला ते आवडतं.

गेल्या वर्षी या मास्तरकीचा पार कचरा झाला. वीस प्रश्नांचा लेखी पेपर, पहिल्या नंबराला प्रेशर कुकर. पेपर तपासायला घेतले तर जवळपास सगळ्यांना वीसपैकी वीस. आगीचे प्रकार किती, विजेच्या आगीवर काय मारायचं, सगळं बरोबर आणि शब्द न् शब्द सारखं. कॅन्टीनच्या टेबलाखाली मोबाईल धरून लिहिलेलं होतं. आता तर टाईप करायचेही कष्ट नाहीत. मोबाईलजवळ तोंड नेऊन मराठीत, हिंदीत विचारलं की तो सांगतो. कुकरसाठी शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. प्लांट हेड माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी कुकर मोबाईललाच देऊन टाका." सगळे हसले, मीही हसलो, पण मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

यंदा ठरवलं की मोबाईल काढून घ्यायचे नाहीत. उलट सांगायचं, खुशाल वापरा. प्रश्नच असे काढायचे की मोबाईलनं हात टेकले पाहिजेत.

पहिले प्रश्न मी नुसते अवघड केले, नियमांच्या पुस्तकातल्या कोपऱ्याकापऱ्यातले. घरी, वडगाव रासाईला, संध्याकाळी अंगणात बसून ते मुलीकडून तपासून घेतले. ती कॉलेजात जाते. मी प्रश्न वाचायचा, तिनं मोबाईलला विचारायचं. अवघड प्रश्नालाही त्यानं सोप्याइतकाच वेळ घेतला. मग मी धोक्याच्या पाट्यांची चित्रं काढून अर्थ विचारले. तिनं फोटो काढला आणि अर्थ हजर.

"पप्पा, तुम्ही माहिती विचारताय," मुलगी म्हणाली. "माहिती त्याच्याकडं हायच की."

जे कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलंय ते विचारायचंच नाही, एवढं माझ्या डोक्यात शिरायला चार संध्याकाळी गेल्या.

मग डायरी घेऊन प्लांटभर हिंडलो. तुमच्या मशीनला सगळ्यात जवळचा आग विझवायचा लाल सिलेंडर ज्या खांबावर आहे, त्याच खांबाला आणखी काय टांगलंय? टाकीच्या शिडीची कितवी पायरी हलते? सायरनची चाचणी चालू असताना कुठल्या मशीनजवळ तो ऐकूच येत नाही? पाऊस आला की पत्रा नेमका कुठं गळतो? हे तिथं रोज उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. घरी येऊन मुलीनं हेच मोबाईलला विचारलं, तर तो गोडीगुलाबीनं म्हणाला, याबाबत कृपया आपल्या सुरक्षा अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. आम्ही दोघं इतके हसलो की बायको आतून बघायला आली. तेव्हापासून तोच आमचा नियम झाला. मोबाईलनं माझ्याकडं बोट दाखवलं की प्रश्न पास.

सोळा प्रश्न असे चालून काढले. सतरावा होता: पेंट शॉपच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला काय दिसतं? तो सुचला तेव्हा बस सुटायला दहा मिनिटं होती. पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचा विभाग, प्लांटच्या पार टोकाला, शिवाय थिनरच्या वासानं माझं डोकं चढतं. ऑफिसच्या भिंतीवर प्लांटचा नकाशा फ्रेम करून लावलाय. त्यात मागच्या दाराशेजारी डावीकडं पाण्याची टाकी होती. उत्तर म्हणून टाकी लिहिली आणि बस पकडली. उरलेले तीन दुसऱ्या दिवशी केले.

परीक्षेच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की मोबाईल टेबलावर ठेवा, लागेल ते विचारा. पाच मिनिटांत लोक मोबाईल बाजूला सारून छताकडं बघायला लागले. कुणी बोटांवर पायऱ्या मोजत होतं. बिहारचा एक वेल्डर शेजाऱ्याला म्हणाला, "ये तो चलके देखना पड़ेगा." वर्षभराचा डंख त्या एका वाक्यानं उतरला.

पेपर घरी आणले आणि चहा पीत तपासायला बसलो. छान चाललं होतं. सतरावा सगळ्यांचाच चुकत होता, पण बाकीच्यांचं पेंट शॉपला जाणंच होत नाही. मग पेंट शॉपचा गठ्ठा आला, एकतीस जणांचा. सतराव्या प्रश्नाला एकतीसही चुकलेले. बरेच कोरे, काहींनी 'माहीत नाही' लिहिलेलं, एकानं हिंदीत, 'कभी गये नहीं.' मला संताप आला. ज्या दारातून जीव वाचवायचा त्याच्या पलीकडं काय आहे हे यांना माहीत नाही, आणि आपण दरवर्षी कुणासाठी घसा कोरडा करतो? लाल पेनानं शून्यं देत गेलो. शेवटचा पेपर, रंग नको त्या जागी मास्किंगच्या टेप लावणाऱ्या मावशींचा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'दार उघडंल तवा सांगते.'

आधी मला तो चावटपणा वाटला. शून्य दिलं. मग पेन खाली ठेवला आणि ती ओळ परत वाचली. चहा तसाच गार झाला.

मावशी राहू गावच्या. कंपनीची बस तिकडून येते, त्यामुळं मी चढतो तेव्हा त्या पुढच्या सीटवर बसलेल्याच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"मावशी, पेपरात काय लिहिलंय तुम्ही?"

"खरं तेच लिव्हलंय."

"मागचं दार उघडत नाही?"

"दिवाळीच्या आधीपासनं न्हाई उघडत. शेडचं काम निघालं व्हतं ना, तवा भायेरच्या अंगाला सामान लावलंय. आतनं बी डबं रचल्यात."

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "सुपरवायझरला सांगितलं व्हतं. आन् तुम्ही दर महिन्याला कागद घिऊन येता की, टिक करून जाता. आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय."

त्या टिका मी कशा करत होतो ते मला चांगलं माहीत होतं. पेंट शॉपच्या दारातच उभं राहायचं, समोरच्या रॅकच्या वर बाहेर पडायच्या दाराची हिरवी पाटी पेटलेली दिसली की मागचं दार ठीक. दिवाळीपासून पाच महिने, पाच टिका, पाच सह्या. लोकांनी मोबाईलमध्ये बघू नये म्हणून धडपडणारा मी, स्वतः भिंतीवरच्या कागदात बघून मोकळा झालो होतो. आणि वर त्यांनाच शून्यं दिली होती.

बसमधून उतरून थेट पेंट शॉपला गेलो. डब्यांच्या थप्प्यांमधून अंग चोरून दारापर्यंत पोचलो आणि आडवा दांडा दाबला. दार दोन बोटं हललं आणि थांबलं. फटीतून जुन्या कन्व्हेयरचे लोखंडी सांगाडे दिसले. मागं वळलो तर समोर थिनरचे ड्रम, त्यापुढं रंग वाळवायचा ओव्हन, आणि ओव्हनला लागून दुसरं आणि एकुलतं एक दार. शिफ्टचे लोक हातमोजे घालत होते. मी तिथंच एका डब्यावर बसलो.

प्लांट हेडना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुपारी गाडी भरायचीय मास्तर, संध्याकाळी करू."

"लाईन आत्ता बंद करावी लागेल, साहेब. आणि पाच महिने चेकलिस्टवर सही माझी आहे, तेही लिहून देतो."

हे बोलायचं मी बसमध्येच ठरवलं होतं. ते उठून माझ्याबरोबर आले. स्वतः दांडा दाबला. दोन्ही हातांनी परत दाबला. मग सुपरवायझरला लाईन थांबवायला सांगितलं.

फोर्कलिफ्ट फिरून मागच्या अंगाला गेली. आम्ही आतून डबे हलवत होतो. दीड तास लागला. शेवटचा सांगाडा उचलल्यावर दांडा दाबला आणि दार भिंतीपर्यंत उघडलं. बाहेरचा वारा आत आला, आणि माझा जीव भांड्यात पडला. एवढे महिने काही झालं नाही. नुसती एक ठिणगी पुरली असती, पण झालं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

डोळे पुसून डावीकडं पाहिलं. टाकी नव्हतीच. शेडचं काम झालं तेव्हा ती पलीकडं हलवली होती. नकाशा कुणी बदलला नव्हता. ती हलल्यामुळं आता तिच्यामागचं, वॉचमननं कधीचं लावलेलं शेवग्याचं झाड दिसत होतं, शेंगांनी लगडलेलं.

प्लांट हेड म्हणाले, आता लाईन चालू करू. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. सायरन वाजवायला लावला आणि पिशवीतला पेंट शॉपच्या पेपरांचा गठ्ठा हातात घेऊन बाहेर उभा राहिलो. लोक त्या दारातून बाहेर यायला लागले. एकेक जण आला की त्याचा पेपर काढून काखेत धरत होतो. कुणी हसत होतं, कुणी मोबाईलमध्ये झाडाचा फोटो काढत होतं. तीस झाले. हातात एक पेपर उरला, आणि मी दारातून आत डोकावलो.

मग मावशी आल्या. टेपचं बंडल हातात तसंच. उंबऱ्यावर थांबून त्यांनी डावीकडं नीट बघून घेतलं.

"शेवगा हाय," त्या म्हणाल्या. "आता द्या मार्क."

मी दिला.