पाचटावरच्या गाई

दुष्काळात गवत उगवलं नाही, किस्से मात्र रग्गड उगवले! बाहत्तर साली आमच्या कृषी कॉलेजच्या होस्टेलवर पीएच.डी. करणारे आम्ही चौघं होतो. आजही भेटलो की बोलणं फिरून फिरून गुंजाळवरच येतं. बिचारा गुंजाळ!

*

गुंजाळ पाथर्डीकडचा. त्याचा विषय काय, तर चारा नसेल तेव्हा गाय उसाच्या पाचटावर कितपत तग धरते! अर्ध्या गाईंना ओला चारा, अर्ध्यांना मळी शिंपडलेलं कोरडं पाचट. दर आठवड्याला वजन.

पाचटवाल्या गाई वाळत चालल्या. त्याचे गाईड सर तक्ता बघून खूश! "वा, गुंजाळ! काय सुंदर डेटा येतोय!"

गुंजाळ त्या दिवशी मेसमध्ये जेवायला आलाच नाही.

*

पठ्ठ्यानं सगळ्या गाईंना नावं दिली होती. सर खवळले, "जनावराला नाव नाही, नंबर द्यायचा!"

दुसऱ्या दिवसापासून हा गोठ्यात, "चला सात नंबरबाई, पाणी प्या!" आम्ही पोट धरून हसलो. तो नाही हसला.

*

मेसला तेव्हा अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. घशाखाली उतरायच्या नाहीत. गुंजाळ मात्र आमच्या ताटातल्यासुद्धा मागून न्यायचा. आम्हाला वाटायचं, काय भूक आहे बुवा याची!

एका सोमवारी सात नंबरचं वजन वाढलं.

"पाचटावर बाळसं धरणारी जगातली पहिली गाय!" सर म्हणाले. "नोबेलच मिळणार तुला!" मग आवाज खाली आणून, "ही गाय बाद. दुसरी आण आणि प्रयोग पहिल्यापासून कर. या वेळी बिघडला, तर डॉक्टरेट विसर."

मी वैतागून विचारलं, "अरे, भाकरी घालताना डोकं कुठं होतं तुझं?"

"ती बघायची रे माझ्याकडं," एवढंच म्हणाला.

*

नवी गाय कुठून आणायची? त्यानं घरी नुसतं बोलून दाखवलं, आणि त्याचे वडील, आबा, घरची चंद्री घेऊन पाथर्डीहून चालत आले. हिच्या आईच्या दुधावर गुंजाळ वाढलेला.

"आबा, माघारी न्या हिला," गुंजाळ काकुळतीला आला. "हितं पोट भरत न्हाई. वजन उतरलं तरच माझं काम व्हतं."

"घरी तर दावनीला काडीबी न्हाई. हितं पाचट तरी हाय."

"मला बघवायचं न्हाई, आबा."

"आन् न्हाई ठिवली तर तुजं शिक्शान?"

आबांनी चंद्रीला खुंट्याला बांधलं. पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले,

"बाई, पोराला पास कर."