पाचवा टोमॅटो

सगळा बाजार त्याला इंची म्हणायचा. धंद्याने शिंपी आणि गळ्यात कायम टेप, त्यामुळे दुसरं काय म्हणणार? दुकान म्हणजे दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि आल्यागेल्याला बसायला एक स्टूल, तेही डुगडुगतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की इंचीची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जायची, मग तोंडाकडे. "या, या. डावा खांदा जरा उतरलाय तुमचा," असं त्याचं स्वागत असायचं. माणसं चिडायची, पण शर्ट अंगात असा बसायचा की चिडलेलं माणूस पुढच्या महिन्यात पॅन्टचं कापड घेऊन हजर.

अशा माणसाने सुई सोडून खुरपं हातात धरावं ह्याला कारण त्याची ताई. आई लवकर गेली. मग ह्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कान धरून शाळेत नेईपर्यंत सगळं ह्या थोरल्या बहिणीनेच केलं. पुढे ती नर्स झाली, जन्मभर वॉर्ड दणाणून सोडला आणि निवृत्त झाल्यावर तोच आवाज घेऊन परसातल्या झाडांच्या मागे लागली. झाडं बिचारी धाकानेच फळत असावीत. विभागीय कृषी प्रदर्शनात टोमॅटोचं पहिलं बक्षीस ताईचं, हे इतकं ठरून गेलं होतं की लोक तिचं अभिनंदन करायचंही विसरायचे.

आणि ताई म्हणजे काय, कोणाला चांगलं म्हणेल तर शपथ! इंचीने आयुष्यातला पहिला कोट शिवून तिच्यापुढे धरला तेव्हा तिने तो उलटापालटा केला आणि म्हणाली, "अस्तर बरंय." लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "मुलगी तर शहाणी दिसते. मग हो कशी म्हणाली?" इंची हसायचा, सगळ्यांबरोबर हसायचा, पण ते आत सलायचं. केस पांढरे झाले म्हणून काय झालं? वाढवलेल्या माणसाने एकदा तरी 'वा' म्हणावं असं वाटतंच ना! तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, हिला हिच्याच मैदानात हरवायचं. मग बघू कशी बोलत नाही.

आता ह्या टोमॅटोच्या स्पर्धेचा नियम ऐका, कारण नवीन माणूस इथेच हमखास तोंडावर आपटतो. एका ताटलीत पाच टोमॅटो मांडायचे, देठासकट. मोठे नकोत, सारखे हवेत. रंग सारखा, आकार सारखा, देठाची लांबीसुद्धा सारखी. दरवर्षी कोणीतरी नारळाएवढा एक टोमॅटो छातीशी धरून आणतो आणि बक्षीस न मिळाल्याने तणतणत घरी जातो.

सारखं काढणं हे तर इंचीचं हातचं काम. दोन्ही बाह्या सारख्या, दोन्ही पाय सारखे, जन्म त्यातच गेलेला. त्याने दुकानामागच्या अंगणात रोपं लावली, रोज फळांना टेप लावला, पान आड आलं तर वळवलं, न जमणारं फळ तोडून टाकलं. बायको म्हणाली, "माझ्या ब्लाउजचं माप एकदाच घेतलंत, तेही चुकीचं. आणि ह्यांचं रोज?" इंचीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी असे पाच निघाले की एका आईच्या पोटी जुळी होतात तशी पाचही जुळी. शिवाय वाटेत काही दगाफटका झाला तर असावा म्हणून एक जादाचा घेतला. त्याच्या देठाशी बारीकसा तडा होता, एरवी तोही तसाच.

प्रदर्शनाच्या सकाळी मैदान नुसतं फुललं होतं. फाटकापासून ट्रॅक्टरची रांग, ट्रॅक्टरवर चढून फोटो काढणाऱ्यांची रांग, पलीकडे भुशावर आरामात बसलेल्या गाई. भोंग्यावरून कोणीतरी कळवळून सांगत होतं की पांढरा बोकड सुटलेला आहे, मालकाने चहाच्या स्टॉलपाशी यावं, कारण बोकड तिथेच आहे. भाज्यांच्या शेडमध्ये मात्र परीक्षेच्या वर्गासारखी शांतता. लांब टेबलं, त्यांवर पांढरा कागद, आणि ताटल्यांवर ओणवी झालेली माणसं.

इंचीची ताटली नेमकी ताईच्या शेजारी आली. ताईने आपले पाच मांडले आणि ह्याच्या ताटलीवर एक ओझरती नजर टाकून तोंड फिरवलं. "जादाचा आणलायस होय?" एवढंच म्हणाली. "मी नाही आणत. ज्याला भरवसा नसतो तो आणतो." आणि कोबीवाल्यांना दोन शब्द सुनवायला निघून गेली.

राहिले भाऊजी. ताईचा नवरा हा देवमाणूस. बोलायची सगळी जबाबदारी बायकोने उचलल्यामुळे ह्यांनी आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे खाणं. इंचीला टोमॅटोखालच्या कागदावर लावायची नावाची चिठ्ठी आणायला टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, जरा लक्ष ठेवा. कोणाला हात लावू देऊ नका."

भाऊजींनी ताटलीकडे पाहिलं, तिच्याबाहेर ठेवलेल्या एकाकडे पाहिलं. "आणि हा रे?"

"तो जादाचा आहे. तो खाल्लात तरी चालेल."

झालं! भाऊजींच्या खिशात मिठाची पुडी कायम असते हे इंचीला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण माणसाची वेळ आली की बुद्धी गहाण पडते.

तो परत आला तर भाऊजी रुमालाने हनुवटी पुसत होते. "गोड आहे रे," ते मनापासून म्हणाले. ताटलीत पाच टोमॅटो होते. इंची खाली वाकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाचव्याच्या देठाशी बारीकसा तडा!

"भाऊजी, तुम्ही ताटलीतला खाल्लात!"

"छे! एक्स्ट्राच खाल्ला. म्हणजे काय झालं, मी सगळे जरा जवळून बघायला उचलले, मग परत ठेवताना..." भाऊजींचा चेहरा पडला. "अरे, पण सगळे सारखेच तर होते!"

ज्या सारखेपणासाठी इंची उन्हाळाभर उन्हात करपला, तोच समोर उभा राहून त्याला वाकुल्या दाखवत होता. ओरडावं तर कोणावर? इंची मटकन खोक्यावर बसला.

तेवढ्यात ताई आली. नवऱ्याच्या हनुवटीवरचं बी, भावाचं तोंड आणि ताटली, तीन ठिकाणी नजर फिरवली आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. वॉर्डात तिला कधी काही सांगावं लागायचं नाही म्हणतात, ते खोटं नसावं.

"अहो, तुम्हाला काही..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. नवऱ्याला तेवढं पुरलं. मग तिने शांतपणे आपल्या ताटलीतला एक टोमॅटो उचलला आणि इंचीच्या ताटलीत ठेवला. तड्याचा काढून बाजूला केला. "घे. माझ्या नवऱ्याने खाल्ला, भरपाई माझी."

"अगं, तुझे चार राहतील! चारावर ताटली बाद होते."

"होऊ दे."

इंचीने पाहिलं. ताईचा टोमॅटो त्याच्या चारांत असा मिसळला की शोधून सापडू नये. परीक्षक दोनच टेबलं दूर होते, वांग्यांवर चष्मा रोखून. गप्प बसलं की काम फत्ते! पहिलं बक्षीस, आणि ताई स्पर्धेतच नाही. त्याचा हात तिथेच थबकला. खरं सांगायचं तर मोह झाला, चांगला झाला. मग त्याने टोमॅटो उचलून तिच्या ताटलीत परत ठेवला.

"नको."

"का? अंगात मस्ती आली का?"

"मला तुला हरवायचं होतं, ताई," इंची म्हणाला. "तू बाजूला झाल्यावर जिंकून काय करू? लोणचं घालू त्या बक्षिसाचं?"

"अरे गाढवा!" ताई एवढ्याने ओरडली की वांग्यांवरून परीक्षकांचा चष्मा वर झाला. "हरवलंसच की! डोळे फुटले का तुझे? तुझे चार आधी बघ आणि मग माझे पाच बघ! मला जन्मात असे काढता आले नाहीत. मघाशी बघितले तेव्हाच कळलं मला, म्हणून तर तोंड फिरवून गेले. सुरेख आलेत. अगदी सुरेख! म्हणून म्हणतेय घे, तर हा शहाणा परत करतोय!"

शेडमध्ये सगळे बघायला लागले. गाजरवाली बाई हातातलं गाजर तसंच धरून उभी राहिली. इंचीचे डोळे भरून आले. त्याने गळ्यातल्या टेपाच्या टोकाने ते टिपले, तड्याचा टोमॅटो उचलून आपल्या ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "राहू दे. आता काही नको."

परीक्षक आले. प्रत्येक टोमॅटो उचलला, फिरवला, खाली ठेवला. इंचीच्या चारांवर त्यांची मान डोलली आणि पाचव्यावर थांबली. पहिलं बक्षीस ताईला, दुसरं भोपळेवाल्याच्या मुलीला. इंचीला काहीच नाही.

मग मैदानावर एक भलताच देखावा दिसला. जिंकलेली बाई कपाळाला आठ्या घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरत चालली होती. आणि हरलेला शिंपी दिसेल त्याला हाक मारून चहा पाजत होता. "पाचव्याला तडा होता," तो आपणहून सांगायचा, "पण चार सुरेख होते हो. ताईच म्हणाली." चौथ्या चहाला बोकडाच्या मालकाने कंटाळून पळ काढला. भाऊजी मात्र बरोबर राहिले. चहासोबत बिस्किटं होती.

दुपारी शेड रिकामी करायची वेळ झाली. ताईने बक्षिसाची ताटली उचलली आणि पाचही टोमॅटो नवऱ्याच्या हातात कोंबले. "घ्या. खा आता पोटभर." भाऊजींनी बायकोकडे पाहिलं, टोमॅटोंकडे पाहिलं, आणि फसवणूक नाही अशी खात्री झाल्यावर खिशात हात घातला.

मग तिने न विचारता इंचीचे चार टोमॅटो एकेक करून आपल्या रुमालात गुंडाळले.

"ते कुठे नेतेस?" इंची म्हणाला.

"बी धरायला," ताई गाठ मारता मारता म्हणाली. "पुढच्या वर्षी हेच लावणार आहे मी."

इंचीने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, दोन्ही हातांनी जपून धरलं आणि तिच्या मागोमाग फाटकाकडे चालायला लागला.