पाय धुवायचा दगड

या मुकादमाला सगळे खिळेमास्तर म्हणायचे, आणि गंमत म्हणजे त्यांना तो मान वाटायचा. लोक खिशात पेन ठेवतात, हे एक लांबलचक लोखंडी खिळा ठेवायचे. कुठंही काँक्रीटची फरशी ओतली की तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारी हजर. उकिडवं बसायचं, खिळ्यानं रेघ ओढायची, वाकून फुंकर मारायची. भुकटी उडाली नाही तर मान डोलवायची. उडाली तर ओतणाऱ्याची धडगत नाही. जन्मभर नुसत्या सिमेंटवर चाललेली ही परीक्षा, आणि तेवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी जगातल्या यच्चयावत काँक्रीटचा निकाल लावायचा मक्ता घेतला होता.

अशा घरात नेमकी काँक्रीटचंच शिक्षण घेतलेली सून आली. मास्तर ज्या मालकाकडे मुकादम, त्याच्याच कारखान्यात ती काँक्रीट तपासायच्या खोलीत कामाला होती. वीजकेंद्राची कोळशाची राख माळावर ढीग घालून पडलेली, वारा सुटला की लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी. ती बारीक राख मिसळली तर जवळजवळ निम्मं सिमेंट वाचेल, तेवढे चुनखडीचे डोंगर कमी फुटतील, भट्ट्यांचा धूर कमी होईल, हे तिनं मालकाच्या मागे लागून लागून त्याच्या गळी उतरवलं. शेवटी मालक म्हणाला, माझ्या गोदामाची फरशी करून दाखवा. जमली तर हे काम कायमचं तुमच्याकडे, फसली तर पुन्हा राखेचं नाव काढायचं नाही.

सुनेनं सगळ्यांना बजावलं होतं की राखेचं काँक्रीट सावकाश धरतं. त्याला जास्त दिवस पाणी मारा, आणि महिना-दीड महिना तरी त्याला नावं ठेवू नका. घरी जेवताना हेच तिनं सासऱ्यांनाही सांगितलं. त्यावर मास्तरांनी भाताचा घास घोळवत विचारलं, की मग भांडी कशानं घासायची? नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, असल्या वेळी तोंड ताटातच ठेवायचा. सगळ्या प्रकरणात त्याचं कर्तृत्व एवढंच.

तिसऱ्या दिवशी मास्तर गोदामात पोचलेच. रेघ ओढली, फुंकर मारली, आणि भुकटी उडाली. ती उडणारच होती, पण मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी मालकाला बोलावून घेतलं आणि भुकटीनं पांढुरकं झालेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

"मालक, राख ती राखच. पोरीच्या हौसेपायी गोदाम घालवू नका."

सून थांबा म्हणत राहिली. मालकानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या पिकल्या मिशांकडे, आणि मिशांवर विश्वास ठेवला. अक्कल गहाण टाकायला माणसाला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत फरशी फोडून झाली, आणि सुनेला तपासणीच्या खोलीतून उठवून गिऱ्हाइकांच्या मागण्यांचे फोन घ्यायला बसवलं.

मास्तरांचं एवढ्यावर समाधान होईना. फरशीचा दोन पाय मावतील एवढा एक तुकडा त्यांनी मजुरांकरवी घरी आणवला आणि मागल्या दाराशी नळाखाली टाकला. रोज कामावरून आलं की त्यावर उभं राहून चिखलाचे पाय खसाखसा धुवायचे. आल्यागेल्याला मागे नेऊन सांगायचे, हे आमच्या सूनबाईंचं शिक्षण, पाय धुवायच्या तरी कामी आलं. सून त्याच नळावर भांडी घासायची आणि हे सगळं ऐकून घ्यायची. रडू आलं की नळ मोठा सोडायची.

बऱ्याच दिवसांनी मालक दुसऱ्या एका कामाचं बोलायला घरी आला. चहा झाल्यावर मास्तर त्यालाही मागे घेऊन गेले. सून तिथंच भांडी विसळत होती, म्हणून तर मास्तरांना जास्तच चेव आला. त्यांनी ऐटीत खिसा चाचपला, वाकून रेघ ओढली, फुंकर मारली. उडायला काही नव्हतंच. जोर लावला तर खिळा सटकला आणि त्यांचंच बोट सोललं. वरची बाजू पाय घासून गुळगुळीत झाली असेल, असं पुटपुटत त्यांनी तुकडा उलटा केला. तिकडेही तेच. मग हातोडा आणला. पहिल्याच घावाला हातोडा टणकन उडाला आणि मास्तरांच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

हा तो तुकडाच नव्हे, कुणीतरी बदललाय, मास्तर म्हणाले. लाज म्हणून काही असते, तीही बिचारी त्या क्षणी दुसरीकडे बघू लागली असेल. मालकानं सुनेकडे पाहिलं. ती ओले हात पदराला पुसत उठली.

"तोच आहे. त्याला दिवस हवे होते आणि पाणी हवं होतं," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "पाणी तर बाबा, रोज तुम्हीच घातलंत."

मालकाला आपली फोडलेली फरशी आठवली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला. उद्यापासून फोन दुसरं कुणीतरी घेईल, गोदामाची फरशी पुन्हा राखेचीच ओतायची, असं त्यानं सुनेला सांगितलं. तुकडा त्यानं स्वतः उचलून गाडीत घातला. निघताना म्हणाला, "मुकादम, या वेळी तिसऱ्या दिवशी येऊ नका."

त्या संध्याकाळी मास्तर नळाशी गेले, तर दगडाच्या जागी नुसता चिखल. त्यातच पाय आपटून ते तसेच घरात शिरले, आणि बायकोनं त्यांना फरशी पुसायला लावली.