देठ कापलेले टेकोडे

अमरावतीहून परतवाड्याची एसटी सुटली, तेव्हा मी मोबाईलवर अळंब्यांचा तिसरा व्हिडिओ पाहत होतो. मेळघाटच्या रानातले टेकोडे (वारुळावर उगवणारी अळंबी) स्वतः शोधून आणीन आणि घरातल्या सगळ्यांना भाजी खाऊ घालीन, असं मी शांतामावशींना फोनवर कबूल करून बसलो होतो. आम्हा पुणेकरांना कबूल करायला वेळ लागत नाही.

शांतामावशी माझ्या मित्राच्या मावशी. परतवाड्याबाहेर त्यांचा वांगी-मेथीचा मळा आहे. भाकर-झुणका वाढताना त्यांनी मला न्याहाळलं.

"धारणीच्या जीपमंदी घुसाले जमन का तुमाले?"

जमलं. एक पाय कोणाच्या तरी कोंबड्यांच्या टोपलीत ठेवून.

वाटेत जंगलाच्या कडेला उतरलो. वारुळावर करड्या, टोकदार टोपीचे टेकोडे होते. थोडं पुढे गवतात गुबगुबीत, पांढरेशुभ्र, गळ्यात कडं घातल्यासारखे दुसरे. मला दुसरेच जास्त देखणे वाटले. पण दोन्ही टेकोडेच, असं मी ठरवून टाकलं. व्हिडिओतल्या शिस्तीने सगळे जमिनीलगत सुरीने कापले आणि स्वच्छ पुसून पिशवीत भरले. परतीच्या जीपच्या धक्क्यांनी देठ सुटले, टोप्यांचा चुरा झाला आणि करडं-पांढरं सगळं एकात एक मिसळलं.

मावशींनी पिशवी परातीत ओतली. त्यांची चार वर्षांची नात ताट घेऊन बसलीच होती.

"मुळी कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

"ती जमिनीतच ठेवली. व्हिडिओत तसंच सांगितलंय."

टेकोड्याची मुळी वारुळात हातभर खोल जाते, गवतातल्या विषारी छत्रीला ती नसते. म्हणून इकडे टेकोडा मातीसकट उपटूनच आणतात.

"तुमी तर वळखच कापून आले, भाऊ!"

"पण यातले निम्मे तरी चांगले असतील ना?"

"असतीन ना. मंग नातीच्या पानात कोनते निम्मे वाढू?"

सगळं खड्ड्यात पुरलं, गुरांच्याही तोंडी लागू नये म्हणून. रात्री वांग्याची भाजी झाली.

"खा भाऊ," मावशी हसल्या, "देठासकट आनलं हाय."

भाजी झकास होती. मी दोनदा वाढून घेतली.

आता पुण्यात सगळे विचारतात, मेळघाटात भीती वाटली का? वाटली, पण वाघाची नाही. "कोनते निम्मे वाढू?" असं मावशींनी विचारलं तेव्हा माझी फजिती टळावी म्हणून, ताट पुढे करून बसलेल्या त्या पोरीसमोर, "मला खात्री आहे" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते.